पेस्टच्या दिवशीचं माडगं

माझा नवरा किती प्यायला आहे हे मला रात्री कधीच कळलेलं नाही. रात्री तो शहाण्या पोरासारखा येतो. चपला कडेला काढतो, फाटकाची कडी घालतो, कुत्र्याशी दोन शब्द बोलतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपून जातो. खरं काय ते सकाळी कळतं. मी अंथरुणात पडूनच कानोसा घेते. उठल्याउठल्या तो खाकरला, म्हणजे थोडक्यात निभावलं. खाकरला नाही, नुसताच उठून बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं, म्हणजे माझा अख्खा दिवस गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तो खाकरेपर्यंत मी पांघरुणातून हलत नाही. (तोंडावर मी त्याला अहोजाहो करते. इथे ‘तो’ म्हणणार. तेवढं तरी माझ्या मनासारखं होऊ दे.)

तो रोजचा पिणारा नाही, असं मी माहेरी सांगते आणि ते खोटंही नाही. त्याला निमित्त लागतं. पण आमचं गाव गणपतीच्या ओझरच्या अलीकडे, द्राक्षांच्या पट्ट्यात, आणि या पट्ट्यात निमित्तांचा दुष्काळ कधी पडला नाही. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाचा बैल शर्यतीच्या घाटात पहिला आला, टोमॅटोला भाव मिळाला, टोमॅटोला भाव मिळाला नाही. शेवटच्या निमित्ताला तर जास्तच पितात.

अशा सकाळी काय करायचं ते मी आता झोपेतसुद्धा करीन. आधी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पण घोट घोट. गटागटा दिलं की तसंच बाहेर येतं. मग मोटरच्या पाइपाखाली डोकं. चहा मागितला तरी द्यायचा नाही, पित्त खवळतं. आणि मग माडगं. हे माझ्या माहेरचं. माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या वरच्या अंगाला. तिकडे तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या पुरुषांना माडगंच देतात. हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजून दळायचे, ते पीठ ताकात कालवायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची आणि ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. वाटीभर गरम माडगं पोटात गेलं, कपाळावर घाम फुटला, की माणूस माणसात येतो. नवऱ्याच्या मित्रांचं औषध वेगळं. ‘काट्यानं काटा काढायचा भाऊ,’ म्हणत ते सकाळी सकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहतात, खिशात क्वार्टर घेऊन. त्यांना मी कुत्रं सोडीन म्हणून सांगितलंय. आमचं कुत्रं कुणाला चावत नाही, पण ते त्यांना ठाऊक नाही.

मी ओरडते, भांडी आपटते, चार पिढ्यांचा उद्धार करते आणि माडगं ढवळते. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या माळकरी. तरुणपणापासून गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पोरगा पिऊन आला की दुसऱ्या दिवशी त्या त्याच्याशी बोलायच्या नाहीत. रागावणं नाही, रडणं नाही. खांबाला वळसा घालून जावं तशा त्याला वळसा घालून जायच्या. माडग्याचा वास आला की उठून तुळशीपाशी जाऊन बसायच्या. तो ‘आये, आये’ करत मागे फिरायचा आणि त्यांना जणू ऐकूच यायचं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर पहिला शब्द निघायचा, तोही ‘जेव’ एवढाच. माझ्या जिभेला तो घाबरत नव्हता, मी रोजच बोलते. पण त्या अबोल्याने तो पार खचून जायचा. मला वाटायचं, दारू सुटलीच तर यानेच सुटेल.

आत्यांचं स्वतःचं एकच व्यसन होतं, असं मी थट्टेने म्हणायची. भिंतीतल्या देवळीत उदबत्तीच्या पुड्याशेजारी त्यांची द्राक्षासवाची बाटली असायची. कधीकाळी अशक्तपणावर कुणीतरी सांगितलेलं ते औषध. टोपणाने मोजून, पाणी घालून घ्यायचं. पण ‘टोपणात काय ऱ्हातंय?’ म्हणून त्यांनी ते केव्हाच फुलपात्रावर आणलं होतं. दुपारी जेवण झालं की फुलपात्रात ओतायचं, डोळे मिटून प्यायचं, आणि ‘अंगात जरा जीव येतो’ म्हणत कामाला लागायचं.

तर त्या साली ऑक्टोबरची छाटणी झाली. ज्यांच्याकडे द्राक्षं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाग छाटली की वेलावर नुसत्या उघड्या काड्या राहतात. त्या काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या जागा, एका वेळी आणि जोरात फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात. त्याला सगळे पेस्टच म्हणतात. बादलीत कालवायचं, कुठली काडी झाली ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग टाकायचा आणि हातात फडकं घेऊन एकेका डोळ्याला लावत जायचं. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हे झालं पाहिजे. नाहीतर एक डोळा आज फुटणार, एक आठ दिवसांनी, आणि वर्षभर ती बाग चांगल्या घरातल्या वाया गेलेल्या पोरांसारखी आपापल्या तंत्राने चालणार.

आणि पेस्टचा एक नियम सगळ्या बागायती गावांना पाठ आहे. पेस्ट लावणाऱ्याने प्यायची नाही. आदल्या दिवशी नाही, त्या दिवशी नाही, पुढचे काही दिवसही नाही. ते औषध अंगात असताना दारू पोटात गेली की शरीराला ती पचत नाही. तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, श्वास पुरत नाही. जीव गेल्याच्याही गोष्टी सांगतात. आमच्या घरात तर पुरावाच होता. लग्नाआधी एकदा माझ्या नवऱ्याने पेस्ट लावून संध्याकाळी एक बाटली बिअर पिऊन पाहिली होती, काय होतंय म्हणून. पहाटेपर्यंत तो अंगणात पडून विघ्नहराला नवस बोलत होता. तेव्हापासून प्यायला असेल तर तो पेस्टच्या बादलीजवळ जात नाही. आयुष्यात तेवढा एक नियम त्याने मोडलेला नाही.

छाटणी संपली त्या संध्याकाळी शेजाऱ्याची नवी पिकअप आली. हार, नारळ, पेढे आणि मग बाकीचं. मी म्हटलं, “उद्या पेस्ट आहे.” तो म्हणाला, “टोळी येणार हाय पुरी. मला कुठं हात लावायचाय?” ते खरं होतं. मजुरांची ही टोळी घाटघरकडची, दरवर्षीचीच. त्यांची मुकादम म्हणजे चाळिशीची एक बाई, आवाज असा की बागेच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला हात चालतात.

सकाळी मी कानोसा घेतला. तो खाकरला नाही.

आणि त्याच सकाळी मुकादम निम्मीच टोळी घेऊन आली. वर डोंगरात भात कापणीला आलं होतं आणि आभाळ भरून येत होतं. ज्याचं त्याचं भात आडवं व्हायच्या आत घरात यायला हवं, म्हणून निम्मी माणसं पहाटेच परतली होती. मुकादमने ओट्यावर डोकं धरून बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे एकदाच पाहिलं.

“दादा, तुमी आज बादलीपाशी बी यायचं न्हाई,” ती म्हणाली. “वास हितवर येतोय.”

अख्खी बाग उघडी पडलेली, आभाळ असं आणि माणसं निम्मी. पावसाची एक सर आली की लावलेलं धुऊन जाणार. आयत्या वेळी माणूस आणायचा तर गावात प्रत्येकाची तीच गत. मी म्हटलं, “मी येते.” तेवढ्यात मागून आत्या म्हणाल्या, “आन मी.” पदर खोचून त्या उभ्याच होत्या. नवरा म्हणाला, “आये, तू नको.” त्यांनी खांबाला वळसा घातला आणि निघाल्या.

मी घाईघाईने माडगं केलं, वाटी त्याच्या हातात दिली, “सांडलंत तर बघा” म्हणाले आणि बागेत पळाले. त्या दिवशी माझं अर्धं चित्त घरात होतं आणि अर्धं आभाळात. एक ओळ झाली की मी वर बघायची. ढग ओझरच्या बाजूने येताहेत की जाताहेत ते कळत नव्हतं. घरात हा उलट्या करून निपचित पडला असेल का, तेही कळत नव्हतं. आत्यांकडे माझं लक्षच नव्हतं. त्यांची काळजी करायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

त्यांनी हातमोजे काढून कमरेला खोचले होते. मुकादम दोनदा ओरडली. आत्या म्हणाल्या, “मोज्यातून डोळा हाताला लागतोय व्हय? निम्मं खाली गळतंय.” आणि त्या उघड्या हातांनी लावत राहिल्या. हात कोपरापर्यंत लाल. दुपारी आम्ही घरी आलो. नवरा जरा बरा वाटत होता, बसून कांदा सोलत होता. आत्यांनी हातावर पाणी घेतलं, भाकरी खाल्ली, देवळीपाशी गेल्या, फुलपात्र रिकामं केलं आणि परत बागेत आल्या.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “ऊन लई चढलंय गं आज.” ऊन नव्हतंच, आभाळ होतं. मी वळून पाहिलं तर त्यांचं तोंड लाल. मला वाटलं, लाल हात तोंडाला लागला. मी ओढणीने पुसायला गेले. रंग निघेना. कपाळ, कान, मान, माळेच्या खालचं सगळं लाल आणि गरम. त्यांनी माझा हात धरून छातीवर ठेवला. आत मोटर चालू असावी तशी धडधड हाताला लागत होती. “काय व्हतंय मला?” त्या म्हणाल्या, आणि ओळीतच खाली बसल्या. मग ओकल्या.

टोळी धावत आली. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं हार्ट. मुकादम वाकली, आत्यांच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे पाहिलं, आणि मला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “वहिनी, रागवू नका. म्हातारीनं घेतलीय का?”

मी तिच्या अंगावर गेले. “तोंड सांभाळून बोल. गळ्यातली माळ दिसत नाही?”

“दिसती. पन ह्ये पेलेल्यालाच व्हतं. मी बघितलंय.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या बघण्यातच सगळं आलं. मला त्या क्षणी दोन भीती वाटल्या आणि कुठली मोठी ते अजून सांगता येत नाही. एक, की आत्या जातील. आणि दुसरी, की हे असलं काहीतरी कपाळी घेऊन जातील. घरात दारूच्या विरोधात आम्ही दोघीच होतो. त्या गेल्या असत्या तर मी त्या घरात एकटी पडले असते. हा विचार मला तेव्हा आला, आणि तो आपमतलबी असला तरी खरा आहे.

मी घराकडे हाका मारल्या. नवरा आला तो डोकं एका हाताने धरूनच. आईला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“ह्ये त्येच हाय,” तो म्हणाला.

“काय तेच?”

“मला झालतं ते. बिअरच्या टायमाला.”

“अहो, काय बोलताय? त्या आत्या आहेत!”

त्याने ऐकलं नाही. गुडघ्यावर बसून आईच्या तोंडाशी नाक नेलं आणि हुंगलं. मला वाटलं याची अजून उतरली नाही. ज्याच्या अंगाला कालचा वास येतोय तो माळकरी आईचं तोंड हुंगतोय, आणि अख्खी टोळी बघतेय. तो एकदम उठला, घराकडे गेला आणि देवळीतली बाटली घेऊन आला.

“जेवल्यावर घेतलंस?”

आत्यांनी मान हलवली.

“किती?”

“रोजच्या एवढं.”

“ह्यात असती,” तो मला म्हणाला. “दारू. थोडी असती, पन असती. औषध असंच बनतं.”

“तुम्हाला काय माहीत?”

तो खाली बघायला लागला. “मतदानाच्या वक्ताला दुकानं बंद असत्यात. तवा सगळे ह्येच आणत्यात. मी बी घ्यायचो... आयेचं.”

आता कळलं. दर निवडणुकीला आत्यांची बाटली वेळेआधी संपायची, आणि त्या मला म्हणायच्या, हल्ली बाटल्याच लहान करतात. दुसरी कुठली वेळ असती तर मी त्याला तिथेच धुतला असता. पण तेव्हा धुवायचे होते आत्यांचे हात. त्यानेच सांगितलं, आधी पेस्ट काढा. बादलीभर पाणी आणि साबण आणला, आईचे हात मांडीवर घेतले आणि कोपरापर्यंत चोळून चोळून धुतले. लाल पाणी वाफ्यातून वाहत होतं.

आमच्याकडे जुनी व्हॅन आहे. सवयीने त्याने किल्ली उचलली. मी काढून घेतली. गाडी मी नुकतीच शिकले होते. ओझरच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं, तेही चतुर्थी सोडून, एवढाच माझा पराक्रम. पण प्यायलेल्या माणसाच्या हातात मी त्या दिवशी स्टिअरिंग देणार नव्हते. नारायणगावचा रस्ता मला त्या दिवशी संपेना. पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन झुलत चाललेला, ओलांडायचा धीर होईना, हॉर्न दिला तरी तो हलेना. मागच्या सीटवर आत्यांचं डोकं नवऱ्याच्या मांडीवर. “आये, डोळं मिटू नको. आये, माझ्याकडं बघ,” हे एकच तो म्हणत होता. तिकडून उत्तर आलं नाही की मी आरशात बघायची, आणि आरशात बघितलं की गाडी हलायची. मी विघ्नहराला काय काय बोलले ते सांगत नाही. शेवटी डोळे मिटल्यासारखं करून मी ट्रॅक्टर ओलांडला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही आत शिरलो आणि खोलीभर वास सुटला. त्यांनी आधी आत्यांकडे पाहिलं, मग माळेकडे, मग नवऱ्याकडे.

“कोण प्यायलंय?”

“मी काल,” नवरा म्हणाला. “आन आयेनं आज. तिला ठावं न्हाई.” आणि त्याने सगळं सरळ सांगितलं. पेस्ट, उघडे हात, फुलपात्र, किती वेळाने काय झालं. बाटली पुढे केली. इतका सरळ बोलताना मी त्याला आमच्या लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, नाहीतर या वयात आधी हृदयाच्याच मागे लागावं लागलं असतं. रक्तदाब फार खाली गेला होता. सलाईन लावलं, नाकाला ऑक्सिजन लावला, छातीचा ईसीजी काढला आणि आम्हाला बाहेर बसवलं. “आता वाट बघायची,” म्हणाल्या.

वाट बघण्याइतकं वाईट काम नाही. बाकावर तो एका टोकाला, मी एका टोकाला. बोलायला माझ्याकडे भरपूर होतं. तू काल गेला नसतास तर आज बादलीपाशी तू असतास. तुझ्या जागी त्या उभ्या राहिल्या. हे वाक्य मी तोंडात घोळवून घोळवून तयार केलं आणि त्याच्याकडे वळले. तो भिंतीला डोकं टेकून बसला होता, ओठ कोरडे पडलेले, घामाने शर्ट भिजलेला. सकाळच्या माडग्यानंतर पोटात काही नाही. त्याला ते वाक्य आधीच ठाऊक होतं, हे तोंडावर दिसत होतं. मी उठले, समोरच्या टपरीवरून ताक आणलं, वर मीठ घालून घेतलं. “घोट घोट प्या,” म्हणाले. आई आत तशी पडलेली आणि मी दवाखान्याच्या बाकावर याची कालची उतरवत बसलेले. मला इतका राग आला की रडू आलं.

मध्येच मुकादमचा फोन आला. टोळीने बाग पुरी केली होती. आभाळ फाकलं होतं. “म्हातारी कशीय?” तिने विचारलं. मी म्हटलं, “त्यांनी घेतली नव्हती.” ती म्हणाली, “बरं.” तिला ते पटलं की नाही, ते आवाजावरून कळेना, आणि फोनवर समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमाराला आत बोलावलं. आत्यांचा लाल रंग ओसरला होता. तोंड पांढरंफटक, पण डोळे जागेवर आले होते. बाई म्हणाल्या, धोका टळला, रात्रभर राहू द्या. आत्यांनी आधी मला जवळ बोलावलं.

“टोळीतल्या बायांला सांगितलं का, मी पेले न्हाई म्हनून?”

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं, ओळीत पडल्या पडल्या. मी म्हणणार होते, ‘सांगितलं आत्या, झोपा तुम्ही.’ पण नवरा मध्ये बोलला.

“आये, पेलीस. तुला ठावं नव्हतं, पन पेलीस. तुझ्या औषधात असती.”

मी त्याच्या पायावर पाय दिला. जन्मात कधी खरं बोलत नाही आणि बोलायचं तर आत्ताच सुचलं! आत्यांचा सलाईन नसलेला हात गळ्यापाशी गेला आणि माळेवर थांबला. आता त्या माळ तोडतात की काय, असं मला वाटलं. पण त्या दुसऱ्याच विचारात होत्या.

“म्हंजी ह्ये तुझंच दुखणं मला झालं,” त्या म्हणाल्या. “ह्ये असं छातीत, आन डोकं फुटतंय. तुला दर खेपेला असं व्हतं?”

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं होतं की हे वेगळं, साध्या पिण्याच्या कितीतरी पलीकडचं. त्यालाही ते कळलं होतं.

“येवढं न्हाई, आये.”

“पन व्हतं?”

“व्हतं थोडं.”

आत्यांचे डोळे भरले. “आन मी त्या दिशी तुझ्याशी बोलत बी न्हाई,” त्या म्हणाल्या.

त्याला तिथे उभं राहवेना. तो बाहेर गेला. मी मात्र चांगलीच घाबरले. म्हटलं, हे काय भलतंच. बिचारा म्हणायला लागल्या की काय याला? घरात एक अबोला होता तेवढाच याला धाक, तोही गेला तर मी कशाच्या जोरावर राहू?

घरी आल्यावर बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने उकिरड्यावर ओतली. माळ गळ्यात राहिली. नकळत झालेलं देव धरत नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं, आणि टोळीतल्या बायकांना पुढच्या खेपेला एकेकीला धरून सगळी हकीकत सांगितली. मुकादम ऐकून म्हणाली, “मोजं घातलं असतं तर?” बाग फुटली, सगळी एकसारखी. आत्यांनी उघड्या हातांनी लावलेल्या ओळी बाकीच्यांपेक्षा कणभरही पुढे नव्हत्या, हे मी त्यांना मुद्दाम दाखवलं.

नवरा प्यायचा थांबला. दिवाळी गेली, थंडी गेली, मणी भरले, मण्यात रंग उतरला. निमित्तं येत होती आणि जात होती. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. पण सकाळी कानोसा घ्यायची माझी सवय कमी व्हायला लागली होती.

मग बाग उतरली. शेवटची क्रेट गाडीत चढली, भाव बरा मिळाला, आणि त्या संध्याकाळी तो उशिरा आला. चपला कडेला काढल्या, कडी घातली, कुत्र्याशी दोन शब्द बोलला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी तो खाकरला नाही.

मी चरफडत उठले, स्वयंपाकघराकडे निघाले, आणि दारातच मला हुलग्याचा वास आला. गॅसपाशी आत्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी माडगं केलं नव्हतं, तो वास आला की त्या घरात थांबायच्या नाहीत. त्या ढवळत होत्या आणि गुठळ्या मोडत होत्या. मी पुढे झाले तर कोपराने बाजूला सारलं. वाटीत ओतलं, पदराने वाटी धरली आणि ओट्यावर त्याच्यापुढे जाऊन बसल्या. तो मान वर करेना. त्याला सवयीने वाटलं असणार, आता वाटी ठेवून त्या जातील.

त्या गेल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी त्याच्या छातीवर ठेवला आणि आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं, “लई धडधडतंय का रे?”

त्याने वाटी उचलली होती, ती खाली ठेवली. इतक्या वर्षांचा अबोला सोसलेला तो माणूस, त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

“आये,” तो म्हणाला, “नको ना बोलू माझ्याशी.”

त्यांनी हात काढला नाही.